जुना तोळा

गुजरीच्या तोंडाला अब्बांचं दुकान:
एक फळी, एक ऐरण, भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट.
गिऱ्हाईक आलं की चहाच्या आधी प्रश्न.
काय मारणार?
किती लांबून? झाडी का माळ?
आणि नुसतं लागलं, पडलं नाही, तर मागं जाणार का?
या तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण
मिशीवरून हात फिरवायचे.

भेकराला हलकी द्यायचे.
"जड नेली तर घरी काय आणशील, चिंध्या?"
डुकराला जड, कारण त्याच्या खांद्यावर
चिखल आणि राळेचं चिलखत असतं.
सांबराला मऊ नाकाची.
आत गेल्यावर उमलते, म्हणायचे,
आणि हाताची पाच बोटं
मिटलेली हळूच उघडून दाखवायचे.
मला तेव्हा ते कमळ वाटायचं.

मी दहा वर्षांची. काम तराजू धरायचं.
हुपरीकर सराफांकडून उसना आणलेला,
सोन्याची सवय असलेला नाजूक तराजू.
थर्टी-ओ-सिक्सची एकशे ऐंशी ग्रेनची गोळी,
नुसती गोळी, पितळी नळीत बसवायच्या आधीची,
बरोब्बर एक तोळा भरायची.
शहाण्णव गुंजा. एक कमी नाही, एक जास्त नाही.
हुपरीकर हसायचे, "दस्तगीर,
तुझा तोळा माझ्यापेक्षा स्वस्त."
अब्बा हसायचे नाहीत.

हिंदुराव तुरंबेकर जीप घेऊन आला त्या साली
गगनबावड्याचा परवाना होता खिशात.
"लष्करी माल मिळालाय, पुऱ्या कवचाचा, निम्म्या किमतीत.
तुझी मऊ नाकं ठेव तुझ्यापाशी."
अब्बा म्हणाले, "सरकार, ती आरपार जाईल."
"जाऊ दे की! जोर लय हाय तिच्यात."
"जोर आत राहायला पाहिजे, सरकार."
जीप निघून गेली. रस्त्यावर पेट्रोलचा वास राहिला.

पाचव्या दिवशी बिरू झोरे आला, वाटाड्या,
खांद्यावर घोंगडी, पाय मांडीपर्यंत ओरबाडलेले.
उंबऱ्याबाहेर बसला, पाणी मागितलं.
सांबर चार कोस चाललं होतं, म्हणाला.
पहिल्या दिवशी रक्त, थेंब थेंब, करवंदाएवढे.
दुसऱ्या दिवशी नुसते खूर.
सरकार दुपारीच माघारी वळले, त्यांचा पाहुणा यायचा होता.
कुंभीच्या ओहोळात सापडलं,
तोंड पाण्यात. प्यायला वाकलं होतं का पडलं होतं,
ते काय कळंना, म्हणाला.
भोक इकडून सुपारीएवढं. तिकडूनही सुपारीएवढं.

अब्बांनी त्या दिवशी दुकान लवकर लावलं.
घरी येऊन हात तीनदा धुतले.
हात त्यांचे नव्हते त्यात, तरी.

चार वर्षांनी कायदा आला.
कपाटातली काडतुसं मोजून चौकीत जमा,
पोच पावतीवर अब्बांची वळणदार सही.
मग ते कात्र्यांना धार लावू लागले, अडकित्त्यांना,
तालमीतल्या पोरांच्या नारळ फोडायच्या कोयत्यांना.
बोहणी झाली की पूर्वीसारखंच विचारायचे,
"काय कापणार?"

गेल्या महिन्यात नातीच्या लग्नासाठी
मी माझ्या पाटल्या घेऊन गुजरीत गेले.
हुपरीकरांचा नातू बसतो आता, काचेत, गारव्यात.
पाटल्या ठेवल्या. आकडे लाल झाले, हिरवे झाले.
का कोण जाणे, पर्समधून तीही काढून ठेवली,
अब्बांच्या पेटीच्या तळाशी सापडलेली,
काळवंडलेली, नाक अजून मऊ.
पोरानं चष्मा वर केला.
"अकरा पॉइंट सहा-सहा.
तोळा दहाचा असतो, आजी. हा जुना दिसतो."

मी म्हणाले, हो, जुना.
त्यानं ती दोन बोटांत धरून
उजेडात फिरवली, नखानं टोकाशी खरवडली.
"हे कशाचं माप?"

मागं एक बाई टोकन घेऊन उभी होती.
मी पाच बोटं मिटली,
आणि उघडायची राहून गेली.